तीस फुटी बोटीसाठी रडार

२ मार्च, सोमवार

ठरलं. रडार घ्यायचं!

ऑक्टोबरपासून डोक्यात घोळत होतं, आज तोंडातून बाहेर पडलं. जेवताना म्हणालो, "बोटीवर रडार बसवतोय." बायकोनं ताटातून मान वर केली नाही. "बसवा की," म्हणाली. गच्चीवर पाण्याची टाकी बसवतोय असं कुणी सांगावं आणि दुसऱ्यानं म्हणावं, तसं.

तिच्यासाठीच तर चाललंय हे सगळं. पाच महिने झाले, तिनं बोटीवर पाय ठेवलेला नाही.

ऑक्टोबरचं इथं लिहून ठेवतो एकदाचं. परतीच्या वाटेवर धुकं आलं. धुकं म्हणजे किती — बोटीचं पुढचं टोक दिसेना. मी सुकाणूवर, ती पुढे. आणि एकाएकी उजवीकडून भिंत आली. काळी, ओली, आमच्या डोलकाठीहून उंच. आणि भिंत सरकत होती! मालवाहू जहाज. मी सुकाणू फिरवलं. जहाजाच्या लाटेनं बोट अशी आडवी झाली की आतली भांडी छपराला लागली. मग भिंत निघून गेली. आम्ही तिथे होतो हे त्या जहाजाला कळलंही नसेल.

जिवावरचं शेपटीवर निभावलं. धक्क्याला लागल्यावर ती उतरली, ती उतरलीच.

रडार असतं तर ते जहाज दोन मैलांवरून दिसलं असतं. इतकं सरळ आहे. यंत्र नव्हतं म्हणून झालं. यंत्र आणलं की ती येईल. पस्तीस वर्षं लिफ्टा दुरुस्त केल्या. बिघडलेला भाग शोधायचा, बदलायचा, दार लावायचं, बटण दाबायचं.

निवृत्त झालो तेव्हा तिला म्हणालो होतो — जन्मभर वर-खाली केलं, आता जरा आडवं जाऊ. खूप हसली होती. बोट घ्यायला तीच आधी हो म्हणाली होती.

५ मार्च, गुरुवार

बोटीच्या सामानाच्या दुकानात दोन तास. दुकानदार उत्साही माणूस. प्रत्येक वाक्याच्या शेवटी "कसं?" म्हणतो. "हे चोवीस मैल बघतं, हे अठ्ठेचाळीस — कसं?"

रडार दोन जातींचं. एकाचा लांब हात उघड्यावर गरागरा फिरतो, मोठ्या जहाजांवर असतो तसा. दुसऱ्यात तोच हात पांढऱ्या घुमटात बंद, उलटं ठेवलेलं पातेलंच. उघडा हात बघायला रुबाबदार! पण आमच्या तीस फुटी बोटीवर तो म्हणजे उंदराच्या डोक्यावर छत्री. शिवाय शिडाचे दोर त्यात अडकले की संपलं. तेव्हा घुमटच.

घुमटातही लहान आणि मोठा. लहान अठरा इंची, हलका, वीज कमी खातो. त्यात रंगांची सोय आहे: आपल्याकडे येणारं जहाज लाल दिसतं, लांब जाणारं हिरवं. मोठा चोवीस इंची. रंग त्यात नाहीत, पण "बारकाई जास्त". बारकाई म्हणजे काय विचारलं, तर "बारकाई म्हणजे बारकाई — कसं?"

मला लहानच आवडला. लाल म्हणजे धोका. तिलाही एका दृष्टीत कळेल.

६ मार्च, शुक्रवार

सकाळपासून तीन माहितीपुस्तकं वाचली. डोक्याचा घुमट झालाय. आत काहीतरी नुसतं फिरतंय.

९ मार्च, सोमवार

धक्क्यावर शेजारच्या बोटीचा मालक भेटला. त्याला सगळे "सर्वज्ञ" म्हणतात. त्याच्या समोरही म्हणतात, आणि तो आभार मानतो.

सर्वज्ञचं मत: रडार म्हणजे निव्वळ हौस. एआयएस लाव! हे दुसरं यंत्र. प्रत्येक मोठं जहाज आपलं नाव, वेग, दिशा हवेत ओरडत असतं, आणि ते ओरडणं आपल्या पडद्यावर नावानिशी उमटतं. स्वस्त, वीज नावाला. "ज्या जहाजानं तुला चिरडलं असतं, त्याचं नाव तरी कळलं असतं," म्हणाला. जखमेवर मीठ चोळावं तर यानंच.

पण जो ओरडत नाही त्याचं काय? लहान होडी, वाहून आलेलं काही? त्यांच्याकडे ते यंत्रच नसतं. रडार कुणाच्या सांगण्यावर विसंबत नाही. स्वतः हाक मारतं आणि प्रतिध्वनी कुठून आला ते बघतं.

सर्वज्ञ म्हणाला, "घ्यायचंच तर डोलकाठीच्या टोकाला लाव. जितकं उंच तितकं लांबचं दिसतं." म्हटलं, वर वजन गेलं की बोट जास्त डुलेल. तर म्हणे, "डुलायचं नसेल तर घरी बस." 

आमच्या घरी बसलेल्या माणसाची आठवण झाली आणि पुढे वाद घातला नाही.

१२ मार्च, गुरुवार

आज एक गंमत झाली. गंमत का आणखी काही, ठाऊक नाही.

ती टेबलावर मटार सोलत होती. मी समोर माहितीपुस्तक उघडून बसलो होतो, रडारच्या पडद्याचा पानभर फोटो. तिनं सोलता सोलता उलट्या बाजूनंच बघितलं आणि म्हणाली, "गेन फार वाढवलाय यांनी. म्हणून एवढा कचरा दिसतोय."

मी बघतच राहिलो. गेन हा शब्द मला गेल्या आठवड्यात कळला! प्रतिध्वनी किती मोठा करून दाखवायचा, त्याचं ते बटण.

"तुला कसं माहीत?"

"एकोणतीस वर्षं काय करत होते मी?"

इस्पितळातली सोनोग्राफीची खोली. एकोणतीस वर्षं ती अंधाऱ्या खोलीत बसून करड्या डागांमधून मूत्रपिंडातले खडे आणि बायकांची बाळं शोधत होती. तेही हाक आणि प्रतिध्वनीच. हाक शरीरात मारायची, एवढाच फरक. मी रोज तिला इस्पितळाच्या दारात सोडायचो. दहा दिवस मी या घरात रडार-रडार करतोय आणि माझ्या हे एकदाही लक्षात आलं नाही!

पुढे काही विचारणार तोवर ती मटार घेऊन आत गेली.

१३ मार्च, शुक्रवार

मुलीचा फोन. तिला सगळं सविस्तर सांगितलं — घुमट, लाल-हिरवं, डोलकाठी. ऐकून घेतलं तिनं. मग म्हणाली, "बाबा, आई बोटीवर का येत नाही?"

"धुक्याची भीती बसलीय तिला."

"असं ती म्हणाली?"

"म्हणायला कशाला हवं? मी होतो की तिथे!"

"विचारा एकदा," म्हणाली. पोरगी माझी, पण बाजू कायम आईची.

१५ मार्च, रविवार

एकटाच बोटीवर. टेप लावून डोलकाठी मोजली, मागची बाजू मोजली. दोन कप घेऊन गेलो होतो सवयीनं. एक कोराच परत आणला.

१८ मार्च, बुधवार

विचारलं.

संध्याकाळी ती कपडे इस्त्री करत होती. मी म्हणालो, रडार बसवलं की येशील ना? तिनं इस्त्री उभी करून ठेवली.

"मी किती वेळा सांगितलं होतं?" तिनं विचारलं.

"काय?"

"त्या दिवशी. किती वेळा सांगितलं?"

उत्तर तिनंच दिलं.

"तीनदा. पहिल्यांदा म्हणाले, अहो, उजवीकडून इंजिनाचा आवाज येतोय. तुम्ही म्हणालात, आपलंच इंजिन आहे. दुसऱ्यांदा म्हणाले, आपलं नाही, जाड आवाज आहे. तुम्ही म्हणालात, धुक्यात आवाज फसवा असतो. तिसऱ्यांदा म्हणाले, तेव्हा तुम्ही हसलात. 'भास होतोय तुला,' म्हणालात. हसलात तुम्ही!"

आणि मग भिंत आली. आणि ती ओरडली, "अरे, फिरव!" इतक्या वर्षांच्या संसारात पहिल्यांदा अहोचं अरे झालं, म्हणून माझा हात हलला. मी फिरवलं नव्हतं. तिनं फिरवायला लावलं.

मागची पानं उलटून पाहिली. दोन मार्चला मी लिहिलंय, "मी सुकाणू फिरवलं." आवाजाचं एक अक्षर नाही! ही वही माझ्याशिवाय कुणी वाचत नाही. म्हणजे मी कुणापासून लपवत होतो?

शेवटी ती म्हणाली, "मला धुक्याची भीती नाही वाटत. रडार आणाल, तेही सांगेल उजवीकडे जहाज आहे. तुम्ही त्यालाही म्हणाल, भास होतोय तुला."

मग इस्त्री पुन्हा लावली. माझाच शर्ट होता.

१९ मार्च, गुरुवार

दुकानदाराचा फोन आला, "ठरलं का, कसं?" उचलून ठेवून दिला.

२१ मार्च, शनिवार

माफी मागणं मला जमत नाही. लिफ्ट अडकली की आतल्या माणसांना "काळजी करू नका" म्हणायचो. "चुकलं" कधी म्हणावं लागलं नाही, कारण चूक कायम कुठल्यातरी तारेची असायची.

सकाळी जिन्यात गाठलं तिला. ती बाजारातून येत होती, मी पिशवी घ्यायला खाली गेलो. दुसऱ्या मजल्यावर थांबलो.

"चुकलं माझं," म्हणालो.

"कोणतं?"

वाटलं होतं, एवढ्यावर भागेल! नाही भागलं. पिशवी हातात धरून सगळं सांगावं लागलं — तू तीनदा सांगितलंस, मी ऐकलं नाही, वर हसलो, आणि नंतर सगळ्यांना सांगत सुटलो की मीच वाचवलं. वरच्या मजल्यावरची बाई तेवढ्यात खाली आली, आमच्याकडे बघत बघत गेली. पण आज सुरू झालेलं थांबवलं नाही.

ती म्हणाली, "बरं."

आणखी दहा पायऱ्या चढलो. मग म्हणाली, "ते दुकान सोमवारी किती वाजता उघडतं?"

२३ मार्च, सोमवार

आजचा दिवस नीट लिहायला हवा.

दुकानदारानं दोन्ही घुमट दुकानाच्या छपरावर लावून ठेवलेत, पडदे खाली. पलीकडे बंदर. हा गृहस्थ बोलणार सगळं माझ्याशी. "साहेब, हा आपोआपवर ठेवायचा, म्हणजे मॅडमना काही करावं लागणार नाही — कसं?"

ती म्हणाली, "आपोआप बंद करा."

"अहो, पण मग..."

"बंद करा ना. मला कचरा बघायचाय."

केलं बंद. पडद्यावर नुसता गाळ उसळला. तिनं पर्समधून जवळचा चष्मा काढला, खुर्ची ओढून बसली आणि बटणं फिरवायला लागली. थोडं हे, थोडं ते. गाळ खाली बसत गेला. मी तिच्या मागे उभा होतो. इतकी वर्षं ही रोज अशीच बसत असणार! मी तिला काम करताना आज पहिल्यांदा पाहिलं.

"हा बघा," ती मला म्हणाली, "हा ठिपका दर फेरीला त्याच जागी येतो. हा एकदा आला, पुन्हा नाही. पुन्हा येतो तो खरा."

मग बंदराच्या तोंडाशी तिनं बोट ठेवलं. लहान घुमटाच्या पडद्यावर तिथे एक जाडसर डाग होता. मोठ्या घुमटाच्या पडद्यावर त्याच जागी दोन. खिडकीतून पाहिलं. खरंच दोन खांब आहेत तिथे, शेजारी शेजारी!

"यात एकच दिसतंय," ती म्हणाली. "त्यात जुळं आहे."

दुकानदार इतका हसला की त्याचं "कसं" म्हणायचं राहिलं. तर बारकाई म्हणजे हे. मोठ्या घुमटाचा झोत अरुंद असतो, म्हणून जवळजवळच्या दोन गोष्टी तो वेगळ्या दाखवतो.

मी म्हटलं, पण लाल-हिरवं? धोका एका दृष्टीत कळतो.

"ज्याला बघायला वेळ नाही, त्याच्यासाठी रंग," ती म्हणाली. "मी बसणार आहे ना बघत."

*मी बसणार आहे.* बोललो असतो तर घोटाळाच केला असता.

मोठाच ठरला. मी म्हटलं पडदा सुकाणूपाशी लावू, तर तेही नाही. पडदा आत, टेबलाजवळ. "सुकाणूवाल्यानं बाहेर बघायचं. पडद्यावालीनं पडद्यावर. दोन्ही एकाच माणसानं केलं की एक काम बिघडतं."

म्हणजे मला रडार दिसणारच नाही! तिनं सांगायचं, मी ऐकायचं. यंत्र घ्यायला गेलो आणि हे घेऊन आलो.

३१ मार्च, मंगळवार

सर्वज्ञ हळहळला. "मोठा घुमट घेतलास, आणि तोही डोलकाठीवर नाही?" मागच्या टोकाला खांब उभा करून त्यावर लावतोय. माणसाच्या डोक्याच्या चांगला वर येईल एवढी उंची. थोडं कमी लांबचं दिसेल, पण आम्हाला क्षितिजापलीकडचं बघून करायचंय काय? जवळचं दिसलं पाहिजे.

खांब मी स्वतः बनवतोय. हे मात्र आपलं काम! लोखंड नको, गंजतं; अ‍ॅल्युमिनियमचा जाड नळ, खाली दोन टेकू. वायर आतून खाली. आज एक भोक चार बोटं डावीकडे पाडलं. पस्तीस वर्षांत अशी चूक झाली नव्हती. बुजवलं. तिला सांगितलं नाही.

१ एप्रिल, बुधवार

सांगितलं. ती म्हणाली, "बरं केलंत." भोक पाडल्याबद्दल का सांगितल्याबद्दल, विचारलं नाही.

१२ एप्रिल, रविवार

आली!

पायाखाली बोट डुलली तेव्हा क्षणभर माझा दंड धरला, मग सोडला. उशी घरून आणली होती, चष्मे दोन. आत टेबलाशी अशी बसली की खिडक्या पाठीमागे. "मला बाहेरचं दिसायला नको. मी सांगते, तुम्ही खरं-खोटं बघा."

स्वच्छ ऊन, वारा बेताचा. दिवसभर हाच खेळ. आतून तिचा आवाज: "उजवीकडे, पाव मैल, लहान, हलत नाही." मी: "तरंगता पिंप!" "समोर, एक मैल, येतोय." "मासेमारीची बोट, निळी!" "रंग नको सांगू— नका सांगू." एकदा म्हणाली, "डावीकडे काहीतरी मोठं, पसरट, विचित्र." मी पाहिलं तर पाण्यावर बसलेला पक्ष्यांचा थवा, शेकड्यांनी. सांगितल्यावर बाहेर येऊन बघून गेली. वहीत लिहून घेतलं. तिनंही वही केलीय! पक्षी कसे दिसतात, पाऊस कसा दिसतो, आपल्याच डोलकाठीमुळे खोटा ठिपका कुठे उमटतो.

एक नियम तिनं घातला. ती काही म्हणाली की मी मोठ्यानं "ऐकलं" म्हणायचं आणि ऐकलेलं परत बोलून दाखवायचं. इस्पितळात डॉक्टर आणि ती असंच करायचे म्हणे. पहिल्या तासाला मला पोपट झाल्यासारखं वाटलं. दुसऱ्या तासाला बरं वाटायला लागलं.

दोन्ही कप वापरले आज.

२६ एप्रिल, रविवार

तिचे सतरातले सोळा अंदाज बरोबर. माझं "ऐकलं" सतरातले सतरा.

१० मे, रविवार

दमलोय, पण आजचं आजच लिहितो.

सकाळी समोरच्या बेटावर गेलो होतो. दुपारी निघालो तेव्हा ऊन होतं. अर्ध्या वाटेवर गार झुळूक आली आणि पाठोपाठ धुकं. तेच धुकं! बोटीचं पुढचं टोक गेलं, मग डोलकाठीचा वरचा भाग गेला. आत वाकून पाहिलं, तर ती चष्मा पुसत होती.

"वेग कमी करा. भोंगा दर दोन मिनिटांनी. मी बसलेय."

"ऐकलं. वेग कमी, भोंगा दोन मिनिटांनी."

मोठं जहाज तिला आधीच दिसलं होतं. लांब होतं, बंदराकडे येत होतं. आम्ही त्याच्या वाटेच्या बरेच बाहेर. काही प्रश्न नव्हता. पाच मिनिटं अशीच गेली. मग ती म्हणाली, "डावीकडे पाऊण मैलावर काहीतरी आहे. जहाजाच्या वाटेत."

मी डावीकडे पाहिलं. कापूस. कान दिले. आमचंच इंजिन.

"लहान आहे," ती म्हणाली. "येतं, जातं. पुन्हा आलं."

इथं खरं लिहितो. माझ्या जिभेवर आलं होतं — लाट असेल. शब्द अगदी दातांपर्यंत आला होता. मी खाकरलो.

"ऐकलं," म्हणालो. "डावीकडे, पाऊण मैल, लहान, जहाजाच्या वाटेत."

"लाट नाही. लाट अशी एकाच जागी परत परत येत नाही. कुणीतरी थांबलंय तिथे. आपल्याला नऊ मिनिटं लागतील, जहाजाला पंधरा."

आणि तिनं रेडिओ उचलला. तिचा तो आवाज! श्वास घ्या, रोखा, आता सोडा — पेशंटांशी बोलत असणार तोच. बंदर-नियंत्रणातल्या बाईंना तिनं जागा सांगितली, जहाजाला वेग कमी करायला सांगा म्हणाली. त्या म्हणाल्या, "आमच्या पडद्यावर तिथे काहीच नाही."

"गेन वाढवा," ती म्हणाली.

रेडिओवर नुसती खरखर. मग बाई म्हणाल्या, "...हो. दिसतंय काहीतरी. जहाजाला सांगते."

मग ती नऊ मिनिटं. ती सांगत होती, मी वळत होतो. थोडं डावीकडे. ऐकलं. सरळ. ऐकलं. आता अगदी सावकाश, समोर शंभर फुटांवर असायला हवं. मी इंजिन बंद केलं. मग हाक ऐकू आली. बारीक, बाईच्या आवाजातली.

लाकडी वल्ह्याची होडी. मागचं छोटं इंजिन बंद पडलेलं, त्याचं झाकण उघडं. पन्नाशीचा एक माणूस आणि त्याची म्हातारी आई, दोघं ओलेचिंब गारठलेले. धुक्यात त्यांनी वल्ही मारली होती, पण बंदराऐवजी थेट जहाजांच्या वाटेत. म्हातारीला वर घेताना तिनं माझी कॉलर धरली ती सोडेचना. "केव्हाची ओरडतेय, केव्हाची ओरडतेय," एवढंच म्हणत होती. "कुणी ऐकेल असं वाटेना."

होडी मागे बांधली आणि वाटेबाहेर निघालो. थोड्या वेळानं जहाजाचा भोंगा झाला, छाती दणाणेल असा. जहाज आम्हाला दिसलंच नाही. नुसती त्याची लाट आली, सावकाश, आणि आम्ही त्यावर वर गेलो, खाली आलो. वेग कमी केला होता त्यानं.

आत म्हातारीला बायकोनं आपला स्वेटर घातला होता आणि स्वतः पडद्यासमोर परत बसली होती. धक्क्याला लागेपर्यंत उठली नाही. एकदाही "अरे" म्हणाली नाही.

११ मे, सोमवार

सकाळी चहा ओतताना कप भरून वाहायला लागला, तरी ती ओततच राहिली. काल एक चूक नाही, आज हे. कप काढून घेतला, बसवलं.

मी म्हणालो, "खरं सांगू? काल मी म्हणणार होतो, लाट असेल."

"माहितीय," ती म्हणाली. "खाकरलात ना तुम्ही."

मग दोघंही हसायला लागलो. थांबेचना. चहा पार निवला.

१७ मे, रविवार

सर्वज्ञ आज वही-पेन घेऊन आमच्या बोटीवर आला. त्यालाही रडार घ्यायचंय. मी तोंड उघडलं — किती इंची, खांबाची उंची, सगळं तयार होतं माझ्याजवळ. "तू थांब," म्हणाला, "वहिनींना विचारायचंय." 

दीड तास बसला तिच्याजवळ. जाताना मला म्हणाला, "भोक मात्र चार बोटं डावीकडे पडलेलं दिसतंय."

२४ मे, रविवार

त्या होडीतल्या माणसाची आई भेटायला आली. मुलगाही आला होता, पण बोलली तीच. स्वेटर धुऊन, घडी घालून आणला होता. बायकोला म्हणाली, "तुम्ही मला बघितलंत कसं? मलाच माझा हात दिसत नव्हता."

बायको म्हणाली, "तुम्ही परत परत येत होतात."

२ जून, मंगळवार

बंदर-नियंत्रणातल्या बाईंचा फोन. मी घेतला. "आपण नव्हे," म्हणाल्या, "बाईसाहेब आहेत का?" 

त्यांना पडद्यावर बसायला माणूस हवंय. रविवारची पाळी, सकाळी सात ते दुपारी तीन. तिनं मला न विचारता हो म्हणून टाकलं. फोन ठेवल्यावर मी म्हणालो, "आणि रविवारी आपली बोट?"

"न्या की तुम्ही," ती म्हणाली. "मी बघत असेन."